‘फोडणे’ आणि ‘पडणे’ : आघाततरंग उपचारानंतरच्या रुग्णसाहाय्याची चिकित्सा

गोषवारा

मूत्रपिंडातील खडा शरीराबाहेरून आघाततरंगांनी फोडण्याची पद्धत 1980 पासून प्रचलित आहे. खडा फुटल्यानंतर त्याचे तुकडे मूत्रमार्गाने बाहेर पडणे हा या उपचाराचा दुसरा आणि तितकाच महत्त्वाचा टप्पा होय. मात्र वैद्यकीय वाङ्मयात आणि रुग्णाला दिल्या जाणाऱ्या सूचनांत हा टप्पा ‘आपोआप’ या एका शब्दात आटोपला जातो. प्रस्तुत लेखात या टप्प्याविषयीच्या प्रमुख संज्ञा, औषधोपचार, शारीरिक उपाय व पाण्याविषयीचा सल्ला यांची चिकित्सा केली आहे. उपलब्ध पुरावा जे सांगतो आणि रुग्णाच्या कानावर जे पडते, त्यांतील अंतर दाखविणे हा या लेखनाचा हेतू आहे.

बीजसंज्ञा : मुतखडा, अश्मभंजन, अवशिष्ट तुकडे, टॅमसुलोसिन, रुग्णसूचना

1. प्रास्ताविक

मराठीत मुतखड्याविषयी बोलताना दोन क्रियापदे हमखास येतात. डॉक्टर खडा ‘फोडतात’ आणि नंतर तो ‘पडतो’. व्याकरणाच्या दृष्टीने पहिले क्रियापद सकर्मक आहे व दुसरे अकर्मक. पहिल्या क्रियेला कर्ता आहे, यंत्र आहे, तारीख आहे आणि बिलही आहे. दुसऱ्या क्रियेत खडा स्वतःच कर्ता होतो. तो पडला तर पडला, नाही पडला तर राहिला. ज्याच्या देहातून तो पडायचा त्या रुग्णाला या वाक्यात जागाच नाही.

हा केवळ भाषेचा योगायोग मानून सोडून देता येणार नाही. ‘लिथोट्रिप्सी’ या नावाने परिचित झालेल्या उपचारपद्धतीची सारी विचारसरणीच या दोन क्रियापदांत विभागली गेली आहे. फोडण्याच्या तंत्रावर बुद्धी, पैसा आणि संशोधन खर्च झाले. पडण्याचे काम मात्र रुग्णाच्या पाण्याच्या तांब्यावर सोपविण्यात आले. पडण्यास साहाय्य करणारे उपाय मुळीच नाहीत असे नव्हे. ते आहेत, त्यांचा अभ्यासही झाला आहे. परंतु त्यांचे मूल्यमापन करताना आणि ते रुग्णापर्यंत पोचविताना कोणत्या उणिवा राहिल्या, याची तपासणी होणे आवश्यक आहे.

2. फोडण्याचा इतिहास आणि त्याची सावली

या तंत्राचा उगम विमानविद्येत आहे. ध्वनीहून अधिक वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळल्यास काय होते, याचा अभ्यास जर्मनीतील डॉर्नियर ही कंपनी करीत होती. त्या अभ्यासातून आघाततरंगांचे वैद्यकीय उपयोजन पुढे आले. 7 फेब्रुवारी 1980 रोजी म्युनिक येथे ख्रिस्तियान शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. रुग्णाला पाण्याच्या टाकीत ठेवून, कातडीला छेद न देता, मूत्रपिंडातील खडा फोडण्यात आला. 1984 च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध नियामकांनीही या यंत्राला मान्यता दिली. त्यापूर्वी याच खड्यासाठी कुशीत मोठा छेद घ्यावा लागत असे. म्हणून या शोधाचे जे स्वागत झाले ते यथार्थच होते.

परंतु उघड्या शस्त्रक्रियेत शल्यचिकित्सक खडा हातात घेऊन बाहेर काढीत असे. नव्या पद्धतीत खडा आतच राहतो, फक्त त्याचे रूप बदलते. एका दगडाचे शंभर कण होतात आणि ते कण सुमारे 25 ते 30 सेंटिमीटर लांबीच्या मूत्रवाहिनीतून खाली यावे लागतात. ही वाहिनी अवघी काही मिलिमीटर रुंद असून तीन ठिकाणी अधिक अरुंद होते. मूत्रपिंडातून बाहेर पडताना, ओटीपोटातील मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. म्हणजे काढण्याचे जे काम पूर्वी शल्यचिकित्सकाचे होते ते आता रुग्णाच्या शरीराकडे आले. श्रमाचे हे हस्तांतरण उपचाराच्या यशाच्या वर्णनात क्वचितच नोंदले गेले.

जर्मन डॉक्टरांनी मात्र एका संज्ञेत त्याची नोंद ठेवली. तुकडे मूत्रवाहिनीत एकामागोमाग अडकून रांग लागते, तिला त्यांनी ‘स्टाइनश्ट्रासे’, म्हणजे ‘दगडांचा रस्ता’, असे नाव दिले. पुष्कळदा एक मोठा तुकडा पुढे अडकतो आणि त्यामागे भुकटी साचत जाते. युरोपीय मूत्ररोग संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत या गुंतागुंतीचे प्रमाण 4 ते 7 टक्के दिले आहे. मूळ खडा जितका मोठा, तितका हा धोका अधिक. विशेष म्हणजे असा अडथळा काही वेळा वेदनेविना राहतो. दुखत नाही म्हणून रुग्ण निश्चिंत असतो आणि आत मूत्रपिंड तुंबून हळूहळू निकामी होण्याची शक्यता असते. ‘दुखले तर या’ एवढीच सूचना अपुरी का ठरते, याचे उत्तर येथे मिळते.

3. ‘नगण्य’ या विशेषणाची चिकित्सा

अश्मभंजनाच्या वाङ्मयात दीर्घकाळ वापरली गेलेली एक संज्ञा म्हणजे ‘उपचारदृष्ट्या नगण्य अवशिष्ट तुकडे’. सामान्यतः 4 मिलिमीटर वा त्याहून लहान, वेदना न देणारे व संसर्ग नसलेले तुकडे या वर्गात घातले जातात. अनेक अभ्यासांत असे तुकडे उरलेला रुग्णही ‘यशस्वी’ गटात मोजला गेला. परिणामी, एका अभ्यासातील यशाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहताना दोन्हींची व्याख्या एकच आहे की नाही हे प्रथम पाहावे लागते.

या विशेषणाला 1996 मध्येच आव्हान मिळाले होते. स्ट्रीम आणि सहकाऱ्यांनी असे ‘नगण्य’ तुकडे उरलेल्या 160 रुग्णांचा पाठपुरावा केला. त्यांपैकी सुमारे 43 टक्के रुग्णांना पुढे त्रास झाला किंवा पुन्हा उपचार घ्यावे लागले. ज्या वस्तूमुळे दहांपैकी चार जणांना पुन्हा दवाखान्याची पायरी चढावी लागते ती नगण्य कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. क्ष-किरण चित्र पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो तुकडा ठिपका असेल, पण रात्री दोन वाजता कुशीत कळ उठलेल्या माणसाच्या दृष्टीने तो ठिपका नसतो. अवशिष्ट तुकडा हा नव्या खड्याचे बीजही ठरू शकतो. म्हणून ‘नगण्य’ ऐवजी ‘अवशिष्ट’ एवढाच तटस्थ शब्द वापरणे आणि यशाची गणना करताना ‘खडामुक्त’ व ‘तुकडे उरलेले’ असे दोन स्वतंत्र रकाने ठेवणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करावी लागते. तुकडे पडण्यास साहाय्य करण्याची सुरुवात फोडतानाच होते. 2005 मध्ये टोरांटो येथील पेस आणि सहकाऱ्यांनी मिनिटाला 120 आघात आणि मिनिटाला 60 आघात यांची तुलना केली. संथ गतीच्या गटात यशाचे प्रमाण 75 टक्के, तर जलद गटात 61 टक्के आढळले. संथ गतीला वेळ अधिक लागतो. तेव्हा यंत्र किती रुग्णांसाठी किती वेळ राखून ठेवायचे, या व्यवस्थापकीय निर्णयाचा परिणाम पुढे कितीतरी दिवस रुग्णाच्या मूत्रवाहिनीत उमटतो. ज्याला आपण रुग्णाचे नशीब म्हणतो त्याचा काही भाग असा वेळापत्रकात ठरलेला असतो.

4. औषधाचा पुरावा : दोन भिन्न प्रश्नांची गल्लत

तुकडे पडण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांत टॅमसुलोसिन हे प्रमुख आहे. मुळात पुरुषस्थ ग्रंथीच्या वाढीसाठी वापरले जाणारे हे औषध मूत्रवाहिनीच्या, विशेषतः तिच्या खालच्या भागातील, स्नायूंचा ताण कमी करते. त्यामुळे वाट सैल होऊन तुकडा सरकेल, असा यामागील तर्क आहे.

इटलीतील ग्रॅव्हिना व सहकाऱ्यांनी 2005 मध्ये अश्मभंजन झालेल्या 130 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 12 आठवड्यांनी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांत यशाचे प्रमाण 78.5 टक्के, तर इतरांत 60 टक्के होते. हा लाभ मुख्यतः मूळ खडा मोठा असलेल्या रुग्णांत दिसला. त्यानंतर अशा अभ्यासांची रीघ लागली. मात्र 2015 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने या उत्साहाला लगाम घातला. 24 रुग्णालयांतील 1100 हून अधिक रुग्णांच्या या चाचणीत टॅमसुलोसिन, निफेडिपिन आणि औषधविरहित गोळी या तिन्ही गटांत सुमारे 80 टक्के रुग्णांना चार आठवड्यांत पुढील उपचाराची गरज भासली नाही. म्हणजे औषधाने फरक पडला नाही.

या निष्कर्षानंतर ‘टॅमसुलोसिन निरुपयोगी’ असे सरसकट विधान करणे मात्र घाईचे आहे. ब्रिटिश चाचणीतील रुग्णांच्या मूत्रवाहिनीत न फोडलेला खडा होता. अश्मभंजनानंतरचा रुग्ण हा वेगळा रुग्ण असतो. त्याच्या वाहिनीत एक खडा नसून अनेक तुकडे उतरत असतात आणि उपचाराची सूजही असू शकते. शिवाय त्या चाचणीत मोजलेली गोष्ट ‘खडा पडला काय’ ही नसून ‘पुढील उपचार करावा लागला काय’ ही होती. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावणे ही चिकित्सेतील मूलभूत चूक होय.

अश्मभंजनानंतरच्या रुग्णांपुरता स्वतंत्र विचार 2020 मधील कोक्रेन समीक्षेत आढळतो. 40 अभ्यास आणि 4793 रुग्ण यांचा आढावा घेऊन तिने काढलेला निष्कर्ष सावध आहे. या वर्गातील औषधांमुळे खडामुक्तीचे प्रमाण वाढू शकते, अतिरिक्त उपचारांची गरज घटू शकते व तुकडे पडण्यास लागणारा काळ कमी होऊ शकतो. परंतु पुराव्याची खात्री कमी दर्जाची आहे. चाळीस अभ्यास होऊनही खात्री कमीच राहावी, ही या क्षेत्रावरील सर्वांत बोलकी टीका म्हणावी लागेल. लहान व सदोष आखणीचे अभ्यास संख्येने कितीही वाढले तरी त्यांची बेरीज म्हणजे ज्ञान नव्हे.

तोपर्यंत डॉक्टरांनी हे औषध देऊ नये असे या लेखकाचे म्हणणे नाही. ते देताना ‘याने खडा पडेल’ असे न सांगता ‘याने मदत होण्याची शक्यता आहे’ असे सांगावे, इतकेच. उभे राहताना चक्कर येणे, पुरुषांत वीर्यस्खलनात बदल होणे हे परिणाम आधी सांगितले पाहिजेत. तसेच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली असल्यास नेत्रतज्ज्ञास या औषधाची कल्पना देणे आवश्यक आहे, कारण शस्त्रक्रियेच्या वेळी बुबुळ शिथिल पडण्याचा धोका 2005 पासून ज्ञात आहे. वयस्क रुग्णांच्या बाबतीत ही सूचना विशेष महत्त्वाची ठरते.

5. तळाचा तुकडा

मूत्रपिंडाच्या सर्वांत खालच्या कप्प्यातील तुकड्यांचा प्रश्न निराळा आहे. रांजणाच्या तळाशी बसलेली वाळू पाणी वरून वाहून गेल्याने निघत नाही. तसेच येथे घडते. तुकडा बाहेर येण्यासाठी आधी वर चढावा लागतो आणि गुरुत्वाकर्षण त्याच्या विरुद्ध असते. अशा रुग्णाला कितीही पाणी पाजले तरी त्याची अडचण रचनेची आहे, प्रवाहाची नव्हे.

यावरील उपाय ऐकावयास साधा आहे. रुग्णास पाणी व मूत्रवर्धक औषध द्यावयाचे, डोके खाली व कंबर वर अशा स्थितीत पालथे झोपवावयाचे आणि कुशीवर ठोके द्यावयाचे. 2001 मध्ये टोरांटो येथे 69 रुग्णांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीत, अश्मभंजनानंतर तीन महिन्यांनीही तळाशी लहान तुकडे उरलेल्यांपैकी 40 टक्के रुग्ण या उपायाने खडामुक्त झाले. केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्यांत हे प्रमाण 3 टक्के होते. 2005 मध्ये सिंगापूर येथे 108 रुग्णांवर झालेल्या अभ्यासानेही अनुकूल कौल दिला. 2013 च्या कोक्रेन समीक्षेला या विषयावर विचारात घेण्याजोगे एवढे दोनच अभ्यास मिळाले. दोन्हींचे मिळून रुग्ण 177.

औषधाच्या बाजूला 4793 रुग्ण आणि या उपायाच्या बाजूला 177 ही तफावत विचार करावयास लावणारी आहे. उलटे झोपविण्याच्या उपायाला पेटंट नाही, वेष्टन नाही आणि विक्रेताही नाही. त्यासाठी लागते ते उतरते करता येणारे टेबल, प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञ आणि अर्धा-पाऊण तास. गोळी लिहून देण्यास यातील काहीच लागत नाही. संशोधनाचा ओघ रुग्णाच्या गरजेकडून न ठरता वस्तूच्या सोयीकडून कसा ठरतो, याचे हे लहानसे उदाहरण होय.

याच संदर्भात 2016 मध्ये अमेरिकेतील एक अभ्यास वृत्तपत्रांत गाजला. मूत्रपिंडाची प्रतिकृती घेऊन डॉ. वॉर्टिंगर आणि मिचेल फ्लोरिडातील डिस्ने उद्यानातील पाळणागाडीत बसले. मागील आसनावर सुमारे 64 टक्के खडे सुटले, पुढील आसनावर सुमारे 17 टक्के. 2018 मध्ये या अभ्यासास विनोदी संशोधनाचे इग् नोबेल पारितोषिकही मिळाले. लोक हसले, परंतु यामागील तत्त्व टोरांटोच्या टेबलाचेच आहे. स्थितीबदल आणि कंपन. हसण्याजोगी गोष्ट जगभर पोचली आणि रुग्णालयात सहज करता येण्याजोगी गोष्ट अभ्यासकांपुरती राहिली. अर्थात हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब वा काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली करण्याचा प्रयोग घरी करू नये, हे येथे स्पष्ट केले पाहिजे.

6. पाणी : एक सल्ला, तीन दावे

‘भरपूर पाणी प्या’ या सल्ल्यात तीन वेगळे दावे मिसळलेले असतात. पहिला, पाण्याने नवा खडा टळतो. यास बळकट आधार आहे. इटलीतील बोर्गी व सहकाऱ्यांच्या 1996 च्या अभ्यासात पाच वर्षांत खडा पुन्हा होण्याचे प्रमाण पाणी वाढविलेल्या गटात सुमारे 12 टक्के, तर दुसऱ्या गटात 27 टक्के होते. दुसरा, पाण्याने भुकटी वाहून जाण्यास मदत होते. हा तर्क ग्राह्य आहे. तिसरा, कळ आली असता अधिक पाणी रेटल्याने खडा ढकलला जातो. यास विश्वासार्ह पुरावा नाही. वाट बंद असताना वरून दाब वाढविल्यास वेदना वाढू शकते. तरीही कळवळणाऱ्या माणसाला तांब्यामागून तांब्या पाजणारे नातेवाईक घरोघरी दिसतात, कारण सल्ला देताना हे तीन दावे कोणी वेगळे करून सांगितलेले नसतात.

त्या सल्ल्याला सामाजिक बाजूही आहे. दिवसाला तीन लिटर पाणी पिणे म्हणजे तितक्या वेळा लघवीस जाणे. ऊसतोडीला जाणारी स्त्री, बाजारात भाजी विकणारी स्त्री, एसटीत वाहक असलेली स्त्री दिवसभर पाणी टाळते ते अज्ञानामुळे नव्हे, तर जवळपास स्वच्छतागृह नसल्यामुळे. तिला ‘तुम्ही पाणी कमी पिता’ असे म्हणणे हा सल्ला राहत नाही, तो आरोप होतो. कामाचे तास व सोय विचारून पाणी कधी आणि किती विभागून प्यावे हे सांगणे, हाच खरा सल्ला.

कुळथाचे कढण, पानफुटीची पाने, गोखरूचा काढा हे आपल्याकडील घरगुती उपाय रुग्ण करणारच. त्यांची टिंगल केल्याने रुग्ण ते लपवितो, सोडीत नाही. कढण घ्या, पण ठरलेल्या तारखेला सोनोग्राफी चुकवू नका, अशी भूमिका अधिक फलदायी होईल. घरगुती उपायांचा खरा धोका त्या पानांत कमी आणि त्यांच्या भरवशावर गेलेल्या दिवसांत अधिक असतो.

7. सूचनापत्रकात काय असावे

वरील विवेचनाच्या आधारे असे म्हणता येईल की, अश्मभंजनानंतर रुग्णास घरी पाठविताना काही गोष्टी सोप्या मराठीत, लेखी व तोंडी, सांगणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. लघवी एक-दोन दिवस लालसर होणे अपेक्षित आहे. तुकडे पडण्यास काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात. लघवी गाळून मिळालेले तुकडे तपासणीसाठी आणावेत, कारण खडा कशाचा आहे यावर पुढील पथ्य ठरते. दुखले नाही तरी ठरलेली तपासणी चुकवू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे : थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, उलट्या थांबेनात किंवा कुशीत असह्य वेदना होऊन चक्कर आली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. अडलेल्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग होणे ही प्राणावर बेतणारी अवस्था आहे. ती काही तासांत बिघडते. ‘आपोआप पडेल’ या आश्वासनावर विसंबून तापाची गोळी घेत दोन दिवस काढणारा रुग्ण निष्काळजी नसतो. त्याने डॉक्टरांचा शब्द शब्दशः पाळलेला असतो.

8. समारोप

सुश्रुतसंहितेतील अश्मरीचिकित्सेचा अध्याय मूत्राशयातील खडा काढून संपत नाही. खडा काढल्यावर रुग्णास कोमट पाण्याच्या द्रोणीत बसविण्याचा व पुढील पथ्याचाही विचार तेथे आहे. त्या काळची शस्त्रक्रिया आज कोणी करणार नाही, परंतु खडा हाती आल्यावरही वैद्याचे काम उरते ही जाण तिच्यात आहे. आधुनिक पद्धतीत तर खडा हातीही आलेला नसतो. तेव्हा काम उरण्याचे कारण अधिकच.

आघाततरंग उपचाराचे महत्त्व कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. छेदाविना खडा फोडणे ही विसाव्या शतकातील मोठी देणगी आहे. आक्षेप आहे तो तिच्या अर्धवट हिशेबावर. यशाची मोजणी यंत्र थांबते त्या क्षणी न करता शेवटचा तुकडा बाहेर पडेल त्या दिवशी केली, तर साहाय्याच्या साधनांचा अभ्यास गंभीरपणे होईल, फोडण्याला पुरेसा वेळ दिला जाईल आणि सूचनापत्रकाला औषधाच्या चिठ्ठीइतके मोल येईल. ‘खडा पडेल’ या वाक्यात आज कर्ता म्हणून खडा आहे. ‘खडा पडेपर्यंत आम्ही तुमच्याबरोबर आहोत’ असे वाक्य रुग्णालयाला म्हणता येईल, तेव्हाच या उपचाराचे दोन्ही टप्पे पूर्ण झाले असे म्हणता येईल.